द्वाड पोराची बखर

राजेरजवाड्यांच्या बखरी आपल्याकडे पुष्कळ झाल्या. लढायांच्या झाल्या, घराण्यांच्या झाल्या, देवस्थानांच्याही झाल्या. परंतु ज्याने शाळेत कधी सलग अर्धा तास मांडी ठोकली नाही, ज्याचा कान दर पिढीत कोणी ना कोणी पिळला आणि ज्याच्या आईला दर पिढीत चार बायकांनी ऐकवले, त्या द्वाड पोराची बखर कोणी लिहिल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. मी इतिहासाचा मास्तर. वैद्यकातला अधिकार माझ्याकडे नाही. तरीही हा विषय हाती घेतो, याचे कारण असे की, या पोराचा इतिहास हा पुष्कळसा मोठ्या माणसांनी त्याला दिलेल्या नावांचा इतिहास आहे. आणि नावांचा माग काढणे हा आमचा धंदाच आहे.

आज वैद्यकात त्याला 'अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर' म्हणतात. नाव लांबलचक, म्हणून सगळे 'एडीएचडी' म्हणून मोकळे होतात. मराठीत कोणी 'अतिचंचलता' म्हणतात, कोणी 'अवधान-न्यूनता'. नाव काहीही असो, लक्षणे तीन: अंगाची सततची चुळबूळ, आवरता न येणारा उतावीळपणा आणि हातातले काम अर्धे टाकून दुसरीकडे धावणारे मन. जगभरच्या पाहण्यांची सरासरी काढली तर शंभर मुलांत साधारण पाच मुले अशी निघतात. म्हणजे साठांच्या वर्गात तिघे. ज्याने चार वर्षे शिक्षकी केली आहे, त्याला हे तिघे कोण ते सांगावे लागत नाही.

मी राहतो चऱ्होलीला. इंद्रायणीकाठचे हे गाव आळंदीच्या शेजारचे. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेले आणि त्यानंतर ज्वारीच्या रानांतून उंच इमारती उगवू लागल्या. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे एकच मागणे केले आहे, आणि ते अवधानाचे. धन नको, मान नको, अवधान तेवढे द्या. ज्यांनी हे मागितले त्यांची समाधी आमच्या गावाच्या उशाशी आहे. त्यामुळे असेल, पण 'अवधान' हा शब्द मला नेहमी देण्याघेण्यातला वाटत आला आहे. मराठीत आपण लक्ष 'देतो', चित्त 'लावतो', मन 'घालतो'. जणू लक्ष ही कनवटीला खोचलेली चवली आहे. मालकाच्या मनात आले की काढून द्यावी. मग जो देत नाही तो कोण? तो चिक्कू, नाही तर उद्धट. 'पोरगं लक्ष देत नाही' या आपल्या रोजच्या तक्रारीत मुलावर हेतूचा आरोप आधीच ठेवलेला असतो. 'त्याला लक्ष देता येत नाही' असे म्हणणारा मनुष्य विरळा. 'देत नाही' पासून 'देता येत नाही' पर्यंतचा प्रवास माणसाने कसा केला, हीच या बखरीची कथा.

आपल्या भाषेत या पोरासाठी शब्दांची वाण नव्हती. खोडकर, द्वाड, व्रात्य, उनाड, अवखळ, वांड, धांदरट. जी मुलगी धावत नाही, ओरडत नाही, पण खिडकीबाहेर पाहत बसते आणि डबा शाळेत विसरून येते, तिच्यासाठी वेगळा शब्द: वेंधळी. वैद्य म्हणत, वातप्रकृतीचे आहे. वाताचा गुणच 'चल'. पुराणिक म्हणत, मन चंचलच असते. गीतेच्या सहाव्या अध्यायात खुद्द अर्जुनानेही तीच तक्रार केली आहे. हे शेवटचे म्हणणे मोठे उदार आहे, कारण त्यात चंचलता सर्व मानवजातीच्या वाट्याला येते. पण त्यातच एक खाचही आहे. अर्जुनाला जे अभ्यासाने साधते ते या पोराला का साधू नये, असा प्रश्न लगेच उभा राहतो, आणि उत्तर म्हणून छडी खाली येते.

जुन्या पंतोजीच्या शाळेत हे पोर कसे नांदत असेल? ती शाळा ओसरीवर किंवा देवळात भरे. निरनिराळ्या वयांची मुले एकत्र बसत. कोणी धुळाक्षरे गिरवी, कोणी परवचा ओरडून म्हणे. बाक नव्हते, तासांची घंटा नव्हती. हातापायांना आणि गळ्याला काम असल्यामुळे चुळबुळ्या मुलाची चुळबूळ काही अंशी तरी खपून जात असावी. परंतु त्या शाळेचे गोडवे फार गाऊ नयेत. अंगठे धरून ओणवे करण्याची कला तिथलीच. आणि बहुसंख्य मुलांना, सगळ्याच अस्पृश्यांना आणि बहुतेक मुलींना तिची पायरीही चढता येत नव्हती. ती मुले गुरांमागे, शेतात, चुलीपाशी होती. त्यांच्यात चंचल कोण आणि स्थिर कोण, हे कोणी मोजलेच नाही. गुरे राखणाऱ्याला एका जागी बसता येत नाही, हा काही दोष नव्हे.

तिकडे युरोपात मात्र मोजणीला सुरुवात झाली होती. वायकार्ड नावाच्या जर्मन वैद्याने १७७५ च्या सुमारास 'अवधानाचा अभाव' यावर एक प्रकरण लिहिले आणि उपाय म्हणून एकांत, थंड पाण्याचे स्नान आणि घोड्यावरची रपेट सांगितली. १७९८ साली अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटिश डॉक्टराने त्याहून नेमके लिहिले. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई तेव्हा नुकती सुरू झाली होती. एकाच विषयावर पुरेसा वेळ चित्त ठेवता न येणे ही अवस्था जन्मजात असू शकते, ती लहानपणीच दिसते, शिक्षणात अडथळा आणते, पण शिक्षण अगदीच अशक्य करीत नाही आणि वयाबरोबर बहुधा कमी होते, असे त्याचे म्हणणे. सव्वादोनशे वर्षांनंतरही त्यात फारसे खोडण्यासारखे नाही. फ्रँकफुर्टच्या हाइनरिश हॉफमन या डॉक्टराने १८४४ साली आपल्या लहान मुलासाठी चित्रांचे पुस्तक केले. पुढे छापलेल्या त्या पुस्तकात जेवणाच्या टेबलावर चुळबूळ करीत खुर्चीसह उलटा होणारा आणि टेबलावरचे कापड ताटवाट्यांसकट ओढून घेणारा फिलिप आहे. बाप दटावतो, आई मुकाट्याने टेबलाकडे पाहत राहते. ती आई मला कोणत्याही चाळीत भेटली असती.

मग आले १९०२ साल. जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने लंडनच्या रॉयल कॉलेजात व्याख्याने दिली. बुद्धी शाबूत, पण स्वतःला आवर घालता येत नाही, अशी मुले त्याने पाहिली होती. त्यांत मुलगे अधिक. ही गोष्ट नुसत्या वाईट वळणाची नाही, तिचे मूळ शरीरात आहे, हे त्याने ठामपणे मांडले. पण नाव काय दिले? 'नैतिक नियंत्रणातला दोष'. एका हाताने त्याने पोराला सोडवले आणि दुसऱ्या हाताने पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

स्टिलचे हे नाव इकडे फारसे कोणाला ठाऊक नव्हते, पण ज्या गोष्टीमुळे असली मुले घरोघर दिसू लागणार होती ती इकडेही येत होती. ती म्हणजे सक्तीचे शिक्षण. किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे केली होती. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेलीत प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो साऱ्या बडोदा राज्यात नेला. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ साली सक्तीचा कायदा केला. मुंबई इलाख्यात १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांचा कायदा आला. हे सारे या भूमीवरचे मोठे पुण्यकर्म होय, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. पण प्रत्येक सुधारणेची एक सावली असते. गुरांमागचे पोर शाळेत आले, समान वयाच्या मुलांच्या रांगेत बसले, समोर फळा, डोक्यावर घंटा, वर्षाअखेर परीक्षा. आणि आजवर ज्याला कोणी नावे ठेवली नव्हती असा त्याचा स्वभाव एकाएकी उघडा पडला. शाळेने हा विकार निर्माण केला नाही. तिने फक्त त्याच्यावर दिवा धरला.

त्याच १९१७ साली व्हिएन्नात फॉन इकोनोमो याने मेंदूच्या एका साथीच्या रोगाचे वर्णन केले. पुढची दहा वर्षे ती साथ जगभर फिरली. तिच्यातून वाचलेल्या मुलांपैकी काही जण पार बदलून गेले: शांत मूल उतावळे झाले, एका जागी ठरेना. डॉक्टरांनी यातून ताळा काढला की, मेंदूला इजा झाली की मूल असे होते. तो खरा होता. पण त्यांनी त्याचे उलटेही खरे धरले: मूल असे असेल तर त्याच्या मेंदूला इजा झालेलीच असणार! इजा सापडेना, तेव्हा ती 'अल्पशी' आहे असे ठरले. 'अल्प मेंदू-इजा' हे नाव असे जन्माला आले. तर्कशास्त्रात ज्याला उलटा न्याय म्हणतात तो वैद्यकातही चालतो, एवढेच यावरून दिसते.

१९३७ साल या बखरीत ठळक अक्षरांनी लिहावे लागेल. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे चार्ल्स ब्रॅडली हा मुलांच्या इस्पितळात काम करीत होता. त्याने तीस मुलांना बेन्झेड्रिन नावाचे उत्तेजक औषध दिले. उत्तेजक औषधाने ही मुले भिंतीवर चढायची, असे कोणालाही वाटेल. झाले उलटे. जवळजवळ निम्मी मुले शाळेच्या कामात एकदम लक्ष घालू लागली. मुलेच त्या गोळ्यांना 'गणिताच्या गोळ्या' म्हणत. त्याच १९३७ साली मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने भारतातले पहिले बालमार्गदर्शन केंद्र उघडले. तिकडे गोळी सापडली आणि इकडे आई, मूल आणि शिक्षक यांना एकत्र बसवून विचारण्याची जागा सापडली. या दोन गोष्टी एकमेकींच्या सवती नाहीत हे कळायला आणखी साठ वर्षे लागली.

पुढे १९४४ साली सीबा या स्विस कंपनीतल्या लेआंद्रो पानिझोन याने मेथिलफेनिडेट तयार केले आणि पत्नी रीता हिच्या नावावरून औषधाला 'रिटालिन' हे नाव मिळाले. नावेही भराभर बदलली. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात १९६८ साली ती 'बालपणीची अतिचलनात्मक प्रतिक्रिया' होती. कॅनडातील व्हर्जिनिया डग्लस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७० नंतर दाखवून दिले की, हातापायांपेक्षा अवधान आणि आवर हा खरा प्रश्न आहे. १९८० साली 'अवधान' हा शब्द नावात आला. १९८७ साली आजचे नाव रूढ झाले. २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे लक्षणे बारा वर्षांच्या आत दिसलेली हवीत, निदान सहा महिने टिकलेली हवीत आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. यासाठी रक्ताची तपासणी नाही, मेंदूचे छायाचित्रही निदान करीत नाही. डॉक्टरला आईला विचारावे लागते, शिक्षकाला विचारावे लागते. कान, डोळे, झोप, फेफरे, घरातली भांडणे हे सारे आधी पाहावे लागते. म्हणजे निदान हाही एक प्रकारचा इतिहासच. साधने गोळा करून, ती एकमेकांशी ताडून लिहिलेला.

१९९९ साली अमेरिकेत ५७९ मुलांवरच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. चौदा महिन्यांत मूळ लक्षणे कमी करण्यात काळजीपूर्वक दिलेले औषध नुसत्या वर्तन-शिक्षणाला भारी ठरले. दोन्ही मिळून दिले तेव्हा घरातले व शाळेतले इतर प्रश्न अधिक सुटले. पण तीन वर्षांनी पाहिले तेव्हा गटागटांतला फरक पुसट झाला होता. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसते की, या स्वभावात आनुवंशिकतेचा वाटा उंचीइतकाच मोठा आहे. २००७ सालच्या एका संशोधनात असे आढळले की, या मुलांच्या मेंदूचे बाह्यावरण पक्व व्हायला सरासरी तीन वर्षे अधिक लागतात. आणि २०१२ साली कॅनडातून एक गमतीदार पण डोळे उघडणारी गोष्ट पुढे आली: वर्गातल्या सर्वांत लहान वयाच्या मुलांना हे निदान अधिक वेळा मिळते. नुसता लहानपणाही कधी कधी विकाराच्या खात्यात जमा होतो. तेव्हा 'हे सारे थोतांड आहे' म्हणणारे जसे चुकतात, तसेच 'दिसला चुळबुळ्या की लिहून दे गोळी' म्हणणारेही चुकतात.

आता चऱ्होलीत येतो. आमच्या शेजारच्या इमारतीत एक नऊ वर्षांचा मुलगा आहे. बाप चाकणच्या कारखान्यात पाळीवर जातो. मुलाच्या शाळेने 'याला दुसरीकडे घाला' असे सुचवले, तेव्हा त्याची आई माझ्याकडे आली. तिने इतिहास विचारला नाही, औषधही विचारले नाही. ती एवढेच म्हणाली, "काका, हा मुद्दाम करतो का हो?" तिच्यामागून आलेली सासू दारातच बसली आणि म्हणाली, "अवं गुरुजी, ह्याचा बाप तरी काय येगळा व्हता? दिसभर म्हशींमागं असायचा, कुनाला काय टोचलं न्हाई." त्या म्हातारीने दोन वाक्यांत आनुवंशिकता सांगितली आणि सक्तीच्या शिक्षणाची सावलीही सांगितली. ज्याला म्हशींमागे कोणी टोचले नाही त्याचा मुलगा आज नवव्या मजल्यावर राहतो, बसने शाळेत जातो आणि पस्तीस मिनिटांचे आठ तास एका बाकावर काढतो. धावायला रान उरले नाही. पार्किंगमध्ये धावले तर रखवालदार ओरडतो.

बापाचा विरोध डॉक्टरला होता. "म्हणजे पोराला येरवड्याला न्यायचं का?" असे तो म्हणाला. आमच्या बाजूला येरवडा या शब्दाला दोनच अर्थ, तुरुंग आणि वेड्यांचे इस्पितळ. आणि कोणत्याही बापाला आपल्या पोराबाबत दोन्ही नकोत. शिवाय त्याचा एक मुद्दा होता: "मोबाईल दिला की दोन तास हलत नाही. मग लक्ष नाही कसं?" हा प्रश्न सगळीकडेच विचारला जातो. त्याचे उत्तर असे की, या मुलाकडे लक्ष नाही असे नव्हे. लक्षाचा लगाम त्याच्या हातात नाही. जिथे क्षणाक्षणाला नवे काही मिळते तिथे ते आपोआप खेचले जाते. जिथे फळ उद्या, परवा, वर्षाअखेर मिळायचे, तिथे ते स्वतःच्या बळावर धरून ठेवणे त्याला इतरांच्या मानाने फार जड जाते. दोन तास मोबाईल पाहणे हा लक्ष असल्याचा पुरावा आहे, लगाम असल्याचा नव्हे.

अखेर ते डॉक्टरांकडे गेले. रीतसर तपासणी झाली, नाव मिळाले. औषधाचा विचार डॉक्टर सावकाश करीत आहेत. मेथिलफेनिडेट आपल्याकडे कडक नियमांखाली, चिठ्ठीवरच मिळते, हे योग्यच आहे. वर्गशिक्षिका समंजस निघाल्या. त्याला पुढच्या बाकावर बसवले, दहा गणितांऐवजी तीन-तीन गणिते देऊ लागल्या, मधूनमधून वह्या गोळा करण्याचे काम त्याच्याकडे दिले, म्हणजे उठण्याला कारण मिळाले. मुलगा काही बृहस्पती झाला नाही. पण रोज संध्याकाळी त्या घरातून येणारा धपाट्याचा आवाज थांबला.

हे काही कोणी नव्याने शोधून काढलेले नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुले गुरे सोडून शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची. त्यांच्या डोळ्यांसमोर एडीएचडी नव्हते, गरिबी होती. पण मूल शाळेत बसत नसेल तर प्रश्न शाळेलाही विचारायचा, ही दृष्टी त्यांची होती, आणि ती आजच्या कोणत्याही उपचारपद्धतीच्या मुळाशी ठेवण्यासारखी आहे.

मुले मोठी होतात तेव्हा विकारही वेष पालटतो. चौदाव्या-पंधराव्या वर्षी धावाधाव कमी होते. चुळबूळ आत जाते. वह्या हरवतात, वेळा चुकतात, दहावीचा अभ्यास शेवटच्या रात्रीवर जातो, आणि गाडी हाती आली की वेगावर ताबा राहत नाही. आता नावही बदलते: द्वाडाचा 'आळशी' होतो, 'बेजबाबदार' होतो. चाकण-भोसरीच्या रस्त्यांवर अवजड वाहनांची जी रांग असते ती पाहता या वयाकडे दुर्लक्ष परवडणारे नाही. वेंधळ्या मुलीचे तर निदानच बहुधा उशिरा होते, कारण तिचा त्रास कोणालाच होत नाही, तिच्यावाचून.

कायद्याने काही पावले टाकली आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी केली. महाराष्ट्राने १९९६ पासून अध्ययन-अक्षम मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. २०१६ च्या अपंगत्वविषयक कायद्यातल्या एकवीस प्रकारांत अध्ययन-अक्षमता आहे, पण अतिचंचलतेचे स्वतंत्र नाव नाही. ज्या मुलांत दोन्ही एकत्र असतात त्यांना दार उघडते. ज्याला नुसती अतिचंचलता आहे तो उंबरठ्याबाहेर राहतो.

आपण मराठी माणसे बाळकृष्णाच्या खोड्या कौतुकाने गातो. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे यांच्यावर तीन पिढ्यांनी जीव लावला. पुस्तकातले चळवळे पोर आपल्याला आवडते. बाकावरचे सोसवत नाही. त्याला सोसावे, म्हणजे त्याला मोकाट सोडावे, असे मी म्हणत नाही. आवर त्यालाही शिकायचा आहे, आणि इतरांपेक्षा कष्टाने शिकायचा आहे. पण कोणत्याही शिकवणीचा आरंभ शिकणाऱ्याला काय येत नाही हे ओळखण्यापासून होतो. तो काय देत नाही याची तक्रार करण्यापासून नव्हे. त्या आईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी एका शब्दात दिले, 'नाही'. त्या एका शब्दापर्यंत यायला वैद्यकाला सव्वादोनशे वर्षे लागली. घराघरांतून आणि वर्गावर्गांतून तो पोचवायला तेवढी लागू नयेत.